भिंतीबाहेरची फांदी

बाळकोबा, पेटी जरा हळू करा आता. नुसता सूर राहू द्या मागे. पूर्वरंग झाला, नामस्मरण झालं, आता गोष्ट! आणि त्या खांबाजवळच्या मावशी — हो, तुम्हीच — जरा पुढे या. खांबाला टेकलं की झोप लागते, आणि झोप लागली की माणूस घरी जाऊन सांगतं, बुवांचं कीर्तन काय रंगलं हो!

तर मंडळी, ऐका. एक प्रश्न विचारतो. अवघड नाही, घरगुती आहे.

पहाटे तुम्ही फिरायला निघता. पायात बूट, डोक्यावर कानटोपी, खिशात घडी घातलेली पिशवी. वाटेत कुणाच्यातरी कुंपणातून तगरीची फांदी बाहेर आलेली असते. पांढरी शुभ्र फुलं, वर दव! तुम्ही इकडे बघता, तिकडे बघता — कुणी नाही — आणि हात जातो वर!

हसू नका! पहिल्या रांगेतल्यांनी तर मुळीच हसू नका, मी इथं मुक्कामाला आहे, आणि मीही पहाटे उठतो!

घरी येता. आंघोळ करता, कद नेसता, घंटा वाजवता, आणि तीच फुलं देवाच्या डोक्यावर. डोळे मिटता. प्रसन्न वाटतं! आता सांगा मला, त्या पूजेचं पुण्य कुणाला? ज्यानं फूल तोडलं त्याला? ज्यानं झाड लावलं त्याला? का चोरीच ती, म्हणून उलट पापच? बोला की! गप्प का झालात? मघाशी गजर कसा दणक्यात म्हणत होतात!

ठीक आहे. तुम्ही नाही सांगत, तर गोष्ट सांगेल.

सांगलीच्या जरा बाहेर, जिथं पूर्वी हळदीची शेतं होती, तिथं एक बंगल्यांची सोसायटी झाली. नाव शांतिबन. नाव शांतिबन असलं की तिथं भांडणं असणारच, हे तुम्हाला मी सांगायला नको! पण नाही मंडळी, या शांतिबनात खरंच शांतता होती. कारण तिथं नियम होते. नुसते फळ्यावर लिहिलेले नव्हेत, थेट खरेदीखतात घातलेले. बंगला घ्यायचा तर आधी अटींवर सही. पुढच्या अंगणात हिरवळच हवी. गेटवर वेल चढवायचा नाही. दोरीवर कपडे दिसता कामा नयेत. झुडूप लावलं तर भिंतीच्या आत, भिंतीपेक्षा ठेंगणं. आणि भिंतीबाहेर, रस्त्यावर, एकही फांदी येता कामा नये!

या अटी लिहिल्या कुणी? सोसायटीचे चेअरमन, श्रीयुत शरदचंद्र टोणपे. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले साहेब. धिप्पाड माणूस, कडक इस्त्री, मिशीला सुद्धा इस्त्री! त्यांच्या अंगणातली हिरवळ अशी, की चप्पल घालून पाय ठेवायची कुणाची छाती होत नव्हती. गवतही विलायती. एकदा चतुर्थीला त्यांच्या बायकोनं विचारलं, "अहो, अंगणात एवढं गवत आहे, गणपतीला दूर्वा नाहीत का त्यात?" टोणपेसाहेब म्हणाले, "छे! हरळी दिसली की मी उपटून काढतो." ऐकलंत? गणपतीचा घास उपटून टाकायचा आणि विलायती गवताला दोन वेळा पाणी! बाप्पा वरून बघत असेल आणि म्हणत असेल, माझं पोट मोठं आहे म्हणून सगळं पोटात घालतोय!

पण थांबा. टोणप्यांना नुसतं हसून चालणार नाही. माणूस वाईट नव्हता. त्या अटीमागे एक दुखणं होतं.

टोणपे लहान असताना त्यांच्या घराला आणि चुलत्यांच्या घराला मधे एकच भिंत होती. अलीकडे शेवग्याचं झाड. झाड यांचं, पण एक फांदी भिंतीपलीकडे गेली. फांदीला शेंगा आल्या. चुलती म्हणाली, आमच्या अंगणात लोंबतात त्या आमच्या. आई म्हणाली, झाड आमचं, शेंग आमची. झालं! आमटीत घालायच्या शेंगांवरून दोन सख्ख्या भावांनी बोलणं टाकलं. एक जण गेला तेव्हा दुसरा खांदा द्यायला आला नाही. भिंतीपलीकडून नुसतं बघत उभा राहिला. छोट्या शरदनं ते पाहिलं, आणि मनात पक्कं बांधलं — भिंत म्हणजे भिंत! इकडचं इकडे, तिकडचं तिकडे. फांदी बाहेर गेली की माणसं तुटतात.

आता सांगा, चुकलं का त्याचं? नाही. ज्याचं पोळलंय तो जपून राहतो, एवढंच. पुढे काय झालं ते ऐका.

टोणप्यांच्या पत्नी, मंदाताई. गुडघे गेलेले. देवासमोर खाली बसता यायचं नाही, म्हणून देव्हाराच उंचावर घेतला आणि समोर खुर्ची टाकली. घराबाहेर पडणं बंद, बोलणंही कमी, पण सकाळची पूजा त्यांची! आणि फुलं आणायचं काम साहेबांचं. सगळा जन्म हुकूम सोडण्यात गेलेला माणूस, पण हे एक काम हौसेनं करायचा. पहाटे उठायचा, वेताची परडी घ्यायचा, एक आकडी घ्यायचा — लांब काठी, टोकाला तारेचा आकडा — आणि निघायचा. परत आला की मंदाताई रोज एकच विचारायच्या, "विचारून आणलीत ना?"

"हो, हो!" साहेब म्हणायचे, आणि आंघोळीला पळायचे.

आणायचे कुठून? स्वतःच्या अंगणात विलायती गवत. शेजारीपाजारी तेच, कारण अट यांनीच घातलेली! साऱ्या शांतिबनात फुलाचं झाड एकच, कोपऱ्यावरच्या बंगल्यात. तिथं राहायच्या लीलावती आवटी. एकट्या बाई, साधं नऊवार, कपाळ मोकळं. मुलगा बंगळूरला. त्यानं आईच्या नावानं बंगला घेऊन दिला. त्यांनी आल्या आल्या काय केलं? भिंतीला लागून, अगदी रस्त्याच्या कडेला, तगर लावली! आणि तगर म्हणजे तुम्हाला माहीत आहे, एकदा लागली की हटत नाही. पाहता पाहता भिंतीवर आली, भिंतीबाहेर झुकली, रस्त्यावर तिचं छत झालं. आणि पहाटे बहर!

आता खरी गंमत ऐका. पहाटे टोणपे जायचे, आकडीनं फांदी ओढायचे, परडी भरायचे. आणि दिवसा दहा वाजता सोसायटीच्या कार्यालयात बसून लिहायचे, "आवटी यांच्या बंगल्यातील झुडूप अटींचा भंग करीत आहे. सात दिवसांत छाटावे." पहाटे भक्त आणि दहाला चेअरमन! एकच माणूस! तगरीचा चीक किती चिकट असतो, बायकांना विचारा. त्या नोटिशीचा कागद साहेबांच्या बोटाला चिकटला. झटकला, सुटेना! तरी यांच्या डोक्यात काही पेटेना!

तुम्ही विचाराल, बुवा, माणसाला एवढं कळत नाही? अहो, कळतं, पण माणूस मनाशी वकिली करतो! टोणप्यांनी मनात सगळं रचून ठेवलं होतं. पहाटे ते म्हणायचे, भिंतीबाहेर आलेली फांदी म्हणजे रस्त्याची. रस्ता सोसायटीचा. सोसायटीच्या फांदीचं फूल चेअरमननं घेतलं तर चोरी कसली? आणि दहा वाजता म्हणायचे, फांदी आवटीबाईंची, भिंतीबाहेर आलीच कशी? फूल तोडताना फांदी सर्वांची आणि दोष द्यायला फांदी बाईंची! मंडळी, असा वकील प्रत्येकाच्या पोटात असतो. फी घेत नाही म्हणून आपण त्याला ठेवून घेतो.

नोटीस घेऊन साहेब स्वतः गेले. हे त्यांचं चांगलं — शिपायाच्या हातून पाठवलं नाही. आवटीबाई व्हरांड्यात ताक घुसळत होत्या.

"काकू, झाड फार सुंदर आहे," टोणपे म्हणाले, "पण अट आहे. भिंतीबाहेर चालत नाही."

"माहीत आहे हो. सही केलीय मी."

"मग मागच्या अंगणात लावा ना. मागे काहीही लावा, कुणी विचारणार नाही."

बाईंनी रवी थांबवली. "मागे लावून काय करू साहेब? मागे कोण येतंय तोडायला?"

टोणप्यांच्या मनात आलं, हिला माहीत आहे की काय?

"तोडायला? कुणी तोडतं का?" त्यांनी अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"तोडत असतील. पहाटे," बाई म्हणाल्या, आणि ताकात वाकून बघत लोणी काढायला लागल्या.

त्या दिवसापासून साहेबांना झोप नाही. आता नोटीस मागे घ्यावी, तर लोक विचारतील का. पुढे न्यावी, तर बाई सभेत उभ्या राहून म्हणतील, हेच तर तोडतात! ज्या माणसाचा सगळा रुबाब नियमावर उभा, त्याचीच परडी सभेत निघाली तर? आणि मंदाताईंच्या कानावर गेलं तर? पुन्हा पहाट झाली की पाय तिकडेच. खुर्चीत बायको वाट बघतेय, फूल तर पाहिजे! फक्त आता आकडी सदऱ्यात लपवून न्यायचे. चेअरमन काठी लपवून निघालाय, कसं दिसत असेल बघा!

सभा भरली. सोसायटीचा हॉल, चहा, बिस्किटं. खजिनदार भोकरे म्हणून एक गृहस्थ होते, तोंडाचा पट्टा सुरू झाला की थांबायचा नाही. ते उठले. "एकाला सूट दिली की उद्या दुसरा शेवरी लावील, तिसरा बाभळ लावील! कचरा कोण काढणार? अट म्हणजे अट!" टाळ्या पडल्या. टोणपे मान खाली घालून बसले होते, कारण समोर आवटीबाई उभ्या राहिल्या होत्या.

बाई हळू बोलल्या. ऐका काय बोलल्या.

"आमचे हे मिरजेला एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होते. आम्ही जन्मभर माडीवर भाड्यानं राहिलो. अंगण नाही, कुंडी ठेवायला कठडा नाही. पण ह्यांना पूजेला ताजं फूल लागायचं. पहाटे जायचे आणि लोकांच्या कुंपणांतून तोडून आणायचे. गावात एक झाड सोडलं नाही. मी रागवायचे. शेवटी शेवटी अंथरुणाला खिळले, तेव्हा मला म्हणाले, 'लीला, अर्ध्या मिरजेच्या कुंपणांचं देणं आहे माझ्यावर. कुणाचं किती, ते आठवत नाही. कधी आपलं अंगण झालंच, तर झाड बाहेरच्या अंगाला लाव. म्हणजे माझ्यासारखा कुणी आला तर त्याचा हात पोचेल.' अंगण झालं, तोवर हे नव्हते. म्हणून लावलंय बाहेरच्या अंगाला. एवढंच सांगायचं होतं."

आणि बाई खाली बसल्या.

मंडळी, त्या हॉलमध्ये किती जणांच्या देव्हाऱ्यात त्या सकाळी तगर होती, देवाला ठाऊक! पण एकाची जीभ हलेना. आणि टोणप्यांना काय वाटलं सांगू? तुम्हाला वाटेल, डोळ्यांत पाणी आलं. नाही. त्यांना वाटलं — सुटलो! माझं नाव घेतलं नाही! त्या माऊलीनं नवऱ्याचं मन उघडून समोर ठेवलं, आणि या माणसाला काय तर आपली अब्रू वाचल्याचा आनंद! राग येतो ना? मलाही येतो. आणि मग मनात येतं, आपण त्या खुर्चीत असतो तर?

सुटलेला माणूस फार कडक होतो. टोणपे उठले, घसा साफ केला, म्हणाले, "भावना मी समजू शकतो. पण अट सर्वांना सारखी. मतदान घेऊ." हात वर झाले. छाटायचं ठरलं.

आवटीबाई म्हणाल्या, "बरं. मी सही केली होती. सही मोडायची नाही." ना आदळआपट, ना शाप. दुसऱ्या दिवशी त्यांनीच सोसायटीच्या माळ्याला बोलावलं. भिंतीकडची सगळी बाजू सपाट झाली. रस्त्यावर छत होतं तिथं आभाळ आलं. उरल्या त्या आत, घराकडच्या चार फांद्या. चीक टपटप गळत राहिला भिंतीवर. वाळला तेव्हा भिंतीवर ओघळ दिसायचे.

बाळकोबा, सूर थांबवा जरा. इथं पेटी नको.

दुसरी पहाट. अंधार. टोणपे उठले. सवय हो, मंडळी! सवयीला ना ठराव कळतो, ना मतदान. पायात चपला गेल्या, परडी हातात आली, आकडी हातात आली, आणि साहेब झोपेतच चालल्यासारखे कोपऱ्यावरच्या बंगल्यापाशी येऊन उभे राहिले. आकडी वर केली. ओढली. वर काहीच नव्हतं. आकडी वाऱ्यातून सरकन खाली आली आणि भिंतीवर खण्णकन आपटली!

तेव्हा कुठं जाग आली. परवा आपणच मतदान घेतलं, आणि आज आपणच परडी घेऊन आलोय! आपलीच परडी त्यांना अशी जड झाली, जणू काही चोरीच्या मालाचं बोचकं.

पळणार, तेवढ्यात अंधारातून आवाज आला. व्हरांड्यातून.

"साहेब, थांबा. आज फांदी नाही. मी देते."

आवटीबाई! काळोखात खुर्ची टाकून बसलेल्या! उठल्या, आतल्या फांद्यांवरची फुलं खुडून ओच्यात घेतली, आणि भिंतीवरून हात काढून परडीत ओतली.

टोणपे भरलेल्या परडीकडे बघत म्हणाले, "काकू... तुम्हाला माहीत होतं?"

"रोज बसते की मी इथं. म्हातारपणी झोप कुठली?"

"मग दिवा का नाही लावत?"

"दिवा लावला की माणूस दचकतं," बाई म्हणाल्या. "आमचे हे असेच दचकायचे. कुणी खिडकी उघडली की फुलं टाकून पळायचे, आणि मग दिवसभर तोंड उतरलेलं. म्हणून मी दिवा लावत नाही. अंधार असला की माणूस निवांत तोडतं."

मंडळी, ऐकलंत? इथं चोर अंधार शोधत नव्हता, घरधनीणच चोरासाठी अंधार धरून बसली होती! रोज!

"आणि सभेत?" टोणप्यांनी विचारलं. "सभेत तुम्ही माझं नाव का नाही घेतलं? एका शब्दात मी गप्प झालो असतो!"

बाई म्हणाल्या, "देणं फेडताना घेणाऱ्याचं नाव चारचौघांत काढतात होय, साहेब? मग ते फेडणं कसलं?"

आणि आत गेल्या.

टोणपे घरी आले. मंदाताई खुर्चीत होत्या. रोजचा प्रश्न आला — "विचारून आणलीत ना?"

आणि त्या दिवशी साहेब आंघोळीला पळाले नाहीत. परडी मांडीवर घेऊन बायकोसमोर पाटावर बसले. सगळं सांगितलं. आकडी सांगितली, नोटीस सांगितली, सभेत सुटल्यासारखं वाटलं तेही सांगितलं. हे शेवटचं सांगायला फार धैर्य लागतं. चूक केली हे माणूस कबूल करेल, पण चूक झाकली गेल्यावर बरं वाटलं, हे कोण कबूल करतं?

मंदाताईंनी परडीतलं एक फूल उचललं, त्याचा चीक बोटावर आला, तो बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे आपल्या देवाची पूजा इतके दिवस त्या करत होत्या. मी उगाच म्हणत होते, मी करतेय."

मंडळी, माझ्या प्रश्नाचं उत्तर त्या खुर्चीतून आलं. मी एवढा फेटा बांधून उभा, मला ते देता आलं नसतं.

"मग आता?" टोणपे म्हणाले. "ही वाहू नको?"

"वाहते. त्यांच्या नावानं वाहते. तुम्ही आधी जाऊन पाया पडून या."

गेले. पाया पडले. पडताना मिशीची इस्त्री मोडली असेल, असं मला वाटतं!

आता तुम्ही म्हणाल, बुवा, मग अट बदलली आणि सगळं गोड झालं? नाही. गोष्ट खरीखुरी माणसांची आहे, गोड कुठून होणार? टोणप्यांनी पुन्हा सभा बोलावली. टेबलावर हजेरीचं पुस्तक असतं तिथं स्वतःची परडी ठेवली, शेजारी आकडी ठेवली. म्हणाले, "ही माझी. पहाटे तगर तोडणारा मी." मग त्यांनी शेवग्याची गोष्ट सांगितली. बाप आणि चुलता सांगितला. आणि म्हणाले, "मला इतकी वर्षं वाटत होतं, बाहेर गेलेल्या फांदीनं घर मोडलं. पण फांदीनं काही केलं नाही. दोन्हीकडची माणसं 'माझी, माझी' म्हणत होती, म्हणून मोडलं. आवटीकाकूंची फांदीही बाहेरच गेली होती. पण त्या म्हणत होत्या, 'घ्या.' मला फरक कळला नाही. अट मी लिहिली, ती बदलावी अशी माझीच विनंती आहे."

पण खरेदीखताची अट बदलायला सगळ्यांच्या सह्या लागतात. सह्या झाल्या. एकामागून एक झाल्या. कुणी खाली मान घालून केली, कुणी हसून. एक राहिली — खजिनदार भोकरे! म्हणाले, "मी तत्त्वाचा माणूस आहे. अट म्हणजे अट!" एका सहीवाचून अट होती तशी राहिली. आजही तशीच आहे. तगर भिंतीच्या आत आहे, ठेंगणी आहे, बाहेर एक पान नाही.

मग टोणप्यांनी काय केलं? वाद घातला नाही. भोकऱ्यांशी बोलणं टाकलं नाही — तो धडा लहानपणीच झाला होता. ते पहाटे आणखी लवकर उठायला लागले. आवटीबाईंच्या गेटातून आत जातात, विचारून! दोघं मिळून आतली फुलं खुडतात. मंदाताईंपुरती परडीत, आणि बाकीची सगळी भिंतीच्या माथ्यावर ओळीनं मांडून ठेवतात. भिंतीबाहेर फांदी नको, असं अट म्हणते. भिंतीवर फूल नको, असं कुठं म्हणते? मग दोघं व्हरांड्यात बसतात. अंधारात. दिवा न लावता. आणि लोक येतात. चपलांचा आवाज दबकत येतो, पिशवी सळसळते, एक हात भिंतीवरून फिरतो, आणि आवाज लांब जातो. ओळखू येतात सगळे. कोण डॉक्टरीणबाई, कोण वकील. दोघं व्हरांड्यात गप्प.

एके पहाटे एक आकृती आली. मोठी पिशवी. फुलांची अख्खी ओळ एका हातानं ओढली, सगळी पिशवीत! एकही मागे ठेवलं नाही. आणि जाताना दमल्यासारखा एक सुस्कारा टाकला, त्यावरून टोणप्यांनी ओळखलं.

भोकरे!

तत्त्वाचा माणूस! ज्यानं सही दिली नाही तो! टोणप्यांचं डोकं तापलं. उजव्या हाताला, भिंतीवर दिव्याचं बटण होतं. नुसतं दाबायचं! भक्कन उजेड, आणि पिशवीसकट खजिनदार! मग सही पण मिळेल, मग तगरही पुन्हा बाहेर येईल! हात बटणावर गेला सुद्धा. बोटाला चीक लागलेला होता, बटण चिकटलं बोटाला.

मंडळी, तुम्ही काय केलं असतं? खरं सांगा. मनात सांगा, मला ऐकू येणार नाही.

टोणप्यांनी शेजारी पाहिलं. आवटीबाई काही बोलल्या नाहीत, हात धरला नाही, मान हलवली नाही. त्या नुसत्या रस्त्याकडे बघत होत्या. आणि त्यांच्या तोंडावर, त्या काळोखातही, असं काही होतं, जणू मिरजेच्या एखाद्या गल्लीतून कंपाउंडर आवटी पिशवी भरून घरी चाललेत आणि त्या माडीवरून बघतायत.

टोणप्यांनी बोट बटणावरून सोडवलं. हात मांडीवर घेतला. भोकऱ्यांच्या चपलांचा आवाज कोपऱ्यावरून लांब गेला, आणि थोड्या वेळानं कुठल्यातरी घरात पूजेची घंटा वाजली.

बाळकोबा, आता सूर द्या.

तर मंडळी, आज घरी जाल, देव्हाऱ्यासमोर उभे राहाल, तेव्हा देवावरच्या फुलाकडे जरा नीट बघा. हे कुणाच्या अंगणातलं? कुणी लावलं, कुणी पाणी घातलं? त्याच्या नावानं हात जोडा, मग आपल्या नावानं. ज्यांच्याकडे अंगण आहे, त्यांनी एक झाड बाहेरच्या अंगाला लावा. ज्यांच्या सोसायटीत अट आहे, त्यांनी अट पाळा — सही केलीत, पाळा! — पण भिंतीचा माथा कुणी अडवलाय का?

आणि उद्या पहाटे, तुमच्या कुंपणाशी चपला वाजल्या, आकडी खडखडली, पिशवी सळसळली, तर हात बटणाकडे जाईल. जाऊ द्या, माणसाचा हात आहे. पण दाबू नका. दिवा लावू नका, मंडळी. काळोखातच बसा, आणि जाणाऱ्याला जाऊ द्या.

बोला, त्या फुलवाल्या माऊलीच्या नावानं, सगळे एका सुरात — विठ्ठल! विठ्ठल!